‘लायसन नाही’ म्हणजे नक्की काय? कोडच्या फाईलवर मराठीत परवाना लिहायचा, परवानगी की अनुज्ञप्ती (चर्चा, प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याच्या भागाचं नाव)

गंगापूर रोड

शब्द विचारायचाय पण आधी कशावरून सुचलं ते सांगते, नाहीतर प्रश्न अर्धाच कळेल. आम्ही चार-पाच जण मिळून द्राक्षबागेच्या फवारण्यांचं वेळापत्रक मांडणारा छोटा प्रोग्राम लिहितोय, सगळा मराठीत दिसेल असा, आणि तो ओपन सोर्स, म्हणजे कोड कुणालाही बघता-वापरता येईल असा, ठेवायचा हे पहिल्या दिवसापासून ठरलंय. परवा आमच्यातल्या एका मुलाने तारखांचं गणित करणारी एक फाईल कुठूनतरी आणून टाकली, छान चालत होती. मी विचारलं हिचं लायसन काय, तर म्हणाला, "ताई, हिला लायसनच नाहीये, म्हणजे बिनधास्त वापरू शकतो ना."

मुलगा लबाड नाही हो अजिबात, त्याला खरंच तसं वाटलं. रात्री विचार करत बसले की असं का वाटावं, तेव्हा लक्षात आलं की घोळ कायद्याच्या माहितीत आहे तितकाच शब्दातही आहे. आपल्याकडे लायसन कशाला लागतं? मोटारसायकलला, बंदुकीला, दारूच्या दुकानाला, खतं-औषधं विकायला. जिथे लागत नाही तिथे रान मोकळं. सायकलला लायसन नाही म्हणजे कुणीही चालवा, तोच न्याय त्याने फाईलला लावला.

आणि इथे नेमकं उलटं आहे. कोड लिहिला की त्याच क्षणी त्यावर लिहिणाऱ्याचा कॉपीराइट लागू होतो, नोंदणी केली नाही तरी होतो, आणि त्याने काहीच लिहून ठेवलं नसेल तर सगळे हक्क त्याच्याचकडे. फाईलला लायसन नाही म्हणजे त्याने अजून कुणालाच काही दिलेलं नाही. मराठी पुस्तकाच्या पानावर "सर्व हक्क लेखकाधीन" असं छापलेलं असतं ना, ते न छापताही असतंच, तसं.

तर आता माहितीपत्रकात आणि प्रत्येक फाईलच्या डोक्यावर मराठीत काय लिहावं? परवाना, परवानगी, अनुज्ञप्ती, मुभा? असा शब्द हवाय की पुढच्या मुलाचा हा गैरसमज होऊच नये.

नाशिकरोड

ताई, प्रश्न आवडला. नोकरीत असताना सरकारी कागदांचं मराठी बरंच हाताळलंय म्हणून लिहितो. अनुज्ञप्ती हा सरकारी शब्द, आरटीओच्या अर्जावर ‘शिकाऊ अनुज्ञप्ती’ असं असतं, अचूक आहे पण अर्जाबाहेर कुणी बोलत नाही. आरटीओच्या दारात उभं राहून सुद्धा माणूस लायसनच म्हणतो. परवाना फारसीतून आला, मुळात लेखी हुकूम, वरून खाली आलेला कागद. म्हणून त्यात सत्तेचा वास आहे आणि म्हणूनच आपण परवाना ‘काढतो’. क्रियापद बघा, सगळी गंमत तिथेच आहे. परवानगी मागतात, परवाना काढतात. दोन्हीकडे आपण अर्जदार. तुमच्या बाबतीत दिशा फिरलेली आहे, तुम्ही देणाऱ्या आहात, आणि न मागता, आधीच, अनोळखी माणसाला देताय. असं देण्याचा अनुभव आपल्या रोजच्या भाषेत कमी, म्हणून शब्द अडखळतो.

पण एक उदाहरण घरोघरी आहे. फ्लॅट भाड्याने देताना ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन करतो की नाही? तिथलं लायसन सरकार देत नाही, घराचा मालक देतो. मालकी माझीच, तुला राहायची मोकळीक, या या अटींवर. १८८२ च्या ईझमेंट कायद्यात लायसनची व्याख्याच अशी आहे की जे त्या हक्कावाचून करणं बेकायदा ठरलं असतं ते करायचा हक्क मालकाने दुसऱ्याला देणं. त्या मुलाला विचारा, एखाद्या रिकाम्या फ्लॅटचा भाडेकरार झालेला नाही म्हणून त्यात कुणीही राहायला जाईल का? लगेच कळेल त्याला.

आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम साहित्यकृतीतच धरलेला आहे, कवितेच्या शेजारी. मालकाने लायसन द्यायचं ते लेखी, असंही त्यात आहे. तोंडी "घे रे वापर" यावर पुढे काही उभं राहत नाही.

(सायकलचं म्हणाल तर पूर्वी बऱ्याच गावांत सायकललाही नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, तो एक वेगळाच विषय.)

सिडको

मी रोज कोड लिहायचंच काम करतो म्हणून बोलतो, आम्ही लोक "लायसन लावतो". "कुठलं लावलंय?" "एमआयटी लावलंय." (एमआयटी म्हणजे थोडक्या अटींचं एक तयार लायसन.) काढत नाही, देतही नाही, लावतो, लेबल लावल्यासारखं, आणि मला हे क्रियापद बरोबर वाटतं कारण काम खरंच लेबलाचंच आहे.

फाईलच्या डोक्यावरच्या ओळीबद्दल मात्र कळकळीची विनंती, ती ओळ मराठीत करू नका. ती माणसासाठी कमी आणि यंत्रासाठी जास्त आहे. आधी काय व्हायचं की प्रत्येक फाईलवर जीपीएल या दुसऱ्या एका तयार लायसनची वीस-वीस ओळींची सूचना चिकटवायचे, कुणी एक शब्द बदलायचा, कुणी अर्धीच चिकटवायचा, आणि त्यात ते लायसन काढणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा पोस्टाचा पत्ता पण असायचा. ते २००५ मध्ये टेंपल प्लेसवरून फ्रँकलिन स्ट्रीटला गेले, २०२४ मध्ये तेही ऑफिस बंद केलं, तरी जुना पत्ता हजारो फायलींत तसाच पडून आहे. हे सगळं वाचून लायसन ओळखायचं म्हणजे यंत्राने अंदाज बांधायचा.

म्हणून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली एसपीडीएक्स ही लायसन लिहायची ठरलेली पद्धत आली, आता ती आयएसओचं प्रमाण पण आहे, क्रमांक ५९६२, २०२१ सालचं. त्यात प्रत्येक लायसनला एक ठरलेलं छोटं नाव दिलंय आणि फाईलच्या सुरुवातीला कमेंटमध्ये, म्हणजे प्रोग्राम चालताना सोडून दिल्या जाणाऱ्या टिपेत, एकच ओळ टाकायची, एसपीडीएक्स-लायसन्स-आयडेंटिफायर, मग विसर्गासारखे दोन टिंब, मग ते नाव. फाईलमध्ये रोमन अक्षरांतच लिहायचं, स्पेलिंग तंतोतंत, संपलं. लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये पण ढिगाने फायली होत्या ज्यांच्यावर लायसनचा एक शब्द नव्हता, त्या पूर्ण कर्नलच्या जीपीएल २ मध्येच धरायच्या असा संकेत होता पण फाईल बघून कळायचं नाही, तर २०१७ च्या शेवटी ४.१४ आवृत्ती येताना त्यांनी एकदम हजारो फायलींवर ही ओळ टाकली. स्क्रिप्ट असेल आणि पहिली ओळ ती चालवणाऱ्या प्रोग्रामची असेल तर ही ओळ दुसरी.

त्या छोट्या नावातला शब्दन् शब्द महत्त्वाचा आहे, आणि शब्दांवरच बोलतोय म्हणून सांगतो. जीपीएल २ म्हटलं तर कुठलं? एक आहे ‘२.०-ओन्ली’, एक आहे ‘२.०-ऑर-लेटर’. मराठीत एका अक्षराचा फरक, आवृत्ती २च, की आवृत्ती २ किंवा त्यानंतरची कुठलीही. लिनक्स ‘२च’ वाला आहे. आणि दोन नावांच्या मध्ये ‘ऑर’ असेल तर घेणाऱ्याने निवडायचं, ‘अँड’ असेल तर दोन्हीच्या अटी पाळायच्या. मी एकदा घाईत एकाच्या जागी दुसरं टाकलं होतं, रिलीजच्या आदल्या रात्री लक्षात आलं, घाम फुटला.

पिंपळगाव

माझा कोडशी संबंध नाही, आमचं निर्यातीचं पॅकहाऊस आहे, पण "प्रोग्रामच्या मुळाशी एक लायसन फाईल ठेवली की झालं ना, प्रत्येक फाईलवर कशाला" असं कुणीतरी म्हणेलच म्हणून लिहितो.

युरोपला माल जातो तेव्हा कंटेनरचे कागद असतातच. तरी प्रत्येक पेटीवर स्टिकर लागतं, त्यावरून माल कोणत्या नोंदणीकृत प्लॉटचा ते निघतं, अपेडा या सरकारी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या नोंदणी यंत्रणेत सगळं जोडलेलं असतं. का? कारण कंटेनर तिकडे पोचला की फुटतो. दहा पेट्या या गावाला, वीस त्या दुकानात. कागद एका माणसाच्या हातात राहतात आणि पेटी भलतीकडे. पेटीवर काही नसेल तर उद्या तक्रार आली की कोणाच्या बागेची ते कळायला मार्ग नाही, आणि मग चांगल्या बागवानाचंही नाव खराब होतं.

तुमच्या त्या पोराने पण अख्खा प्रोग्राम नाही आणला, एक फाईल उचलली. कदाचित त्या प्रोग्रामच्या मुळाशी लायसन व्यवस्थित असेल सुद्धा, पण पेटीवर स्टिकर नव्हतं.

गंगापूर रोड

दादा, तुम्ही म्हणालात म्हणून लगेच बघितलं, आणि खरंच आम्हाला ती फाईल ज्या जागी मिळाली ती मूळ जागाच नाहीये, कुणीतरी तिसऱ्याने तिथे ठेवलेली आहे, मूळ प्रोग्राम कुठला ते आता सापडत नाही. म्हणजे लिहिणाऱ्याने कदाचित मनापासून दिलंही असेल आणि तरी आम्हाला घेता येत नाही, याचं खूप वाईट वाटलं. एवढी चांगली लिहिलेली फाईल आहे ती.

काका, घराचं उदाहरण मी जसंच्या तसं वापरणार. पण तुमच्या क्रियापदांवरून आणखी एक सुचलं. ‘एमआयटी लायसन्सखाली प्रसिद्ध’ असं आम्ही लिहिलं होतं. मराठीत ‘खाली’ चुकीचं नाही, पण ते कुठे येतं बघा, अमुक कलमाखाली गुन्हा, तमुक कायद्याखाली अटक. काहीतरी देताना हा शब्द नको वाटतो. ‘परवान्यानुसार’ किंवा ‘या परवान्यासह’ कसं वाटतं? ‘सह’ मला जास्त आवडतं कारण परवाना फाईलसोबतच फिरला पाहिजे हेच तर आपण बोलतोय.

पंचवटी

‘मुभा’ कुणी मनावर घेतलं नाही म्हणून दोन शब्द. अरबीतून आलेला गोड शब्द आहे, त्यात देणाऱ्याचा मोठेपणा आहे आणि घेणाऱ्याची लाचारी नाही. आणि एमआयटीचा मूळ मजकूर वाचलात तर त्याची सुरुवात लायसन या शब्दाने नाहीच, ‘परवानगी’ या अर्थाच्या शब्दाने आहे, कुणाही व्यक्तीला, विनामोबदला, वापरायची, बदलायची, वाटायची, विकायची सुद्धा परवानगी दिली जात आहे, अशा धाटणीचं. एकच मुख्य अट, ही सूचना आणि कॉपीराइटची ओळ प्रतीसोबत ठेवा. म्हणून नाव म्हणून परवाना ठेवा, पण आत जे दिलंय ते सांगताना मुभा म्हणा.

‘ओपन’ला मुक्त म्हणा, नाशिककराला शिकवायला लागत नाही. १९८९ पासून आपल्याकडे मुक्त विद्यापीठ आहे आणि मुक्त म्हणजे फुकट असं इथे कुणी समजत नाही, फी भरावी लागते, परीक्षा द्यावी लागते, फक्त दार उघडं आहे. इंग्रजीत फ्री म्हटलं की स्वातंत्र्यवालं की पैशावालं हे समजवत बसावं लागतं, आपल्याकडे मुक्त, मोफत आणि फुकट असे तीन वेगळे शब्द आयते आहेत, ते वापरा.

आणि तुमच्या मजकुरात ‘मुक्तस्त्रोत’ असेल तर तो ‘मुक्तस्रोत’ करा. ‘स्रु’ म्हणजे वाहणे, त्यावरून स्रोत, त्याच्या सुरुवातीच्या जोडाक्षरात त नाही. ही चूक छापील पुस्तकांतही दिसते पण म्हणून ती बरोबर होत नाही.

नाशिकरोड

मुभा पटली. तरी एक धोका सांगतो, नुसती मुभा लिहिलीत तर अटी विसरल्या जातील. ‘परवाना’त अट गृहीत असते, लायसनवर चष्मा लिहिलेला असेल तर चष्मा लावूनच चालवायचं. दोन्ही शब्द लागतील.

वाचनालयाच्या पुस्तकावर शिक्का पहिल्या पानावर असतो, पण आत कुठल्यातरी ठरलेल्या पानावरही मारतात, पहिलं पान फाटतं म्हणून. पिंपळगावकरांनी पेटीचं सांगितलं ते हेच.

सिडको

अजून दोन गोष्टी राहिल्या. एक, ती एक ओळ टाकली म्हणून लायसनचा पूर्ण मजकूर काढून टाकायचा नाही, तो प्रोजेक्टमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचा. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोपने ‘रियूज’ नावाची पद्धत आखून दिलीय त्यात हे नीट आहे, प्रत्येक फाईलवर कॉपीराइटची ओळ आणि लायसनची ओळ, आणि ज्या फाईलमध्ये कमेंट टाकताच येत नाही, तुमचे द्राक्षांच्या पानांचे फोटो समजा, तिथे त्याच नावाची पुढे ‘.लायसन्स’ जोडलेली छोटी फाईल शेजारी ठेवायची. त्यांचं एक टूल पण आहे, चालवलं की कोणत्या फायली उघड्या राहिल्यात ते सांगतं.

दुसरं, मराठी भाषांतर समजण्यासाठी जरूर द्या पण वर स्पष्ट लिहा की बंधनकारक मजकूर इंग्रजीच. जीपीएलच्या बाबतीत तर फाउंडेशन भाषांतरांना अधिकृत मानतच नाही.

गंगापूर रोड

सगळ्यांचे मनापासून आभार, रविवारी बसून काम उरकलं. ती आणलेली फाईल काढून टाकली, आणि ज्याने ती आणली होती त्यानेच तिच्याकडे न बघता नवीन लिहिली, दोन दिवस लागले त्याला, लीप वर्षात अडकला होता मध्येच. ३८ फायलींवर ओळ टाकून झाली, फोटोंच्या शेजारच्या छोट्या फायली पण झाल्या, टूल चालवलं तर अजून दोन सापडल्या ज्या आम्ही विसरलो होतो.

मराठी मजकूर असा ठेवलाय, कुठे खटकलं तर सांगा:

"हा प्रोग्राम मुक्तस्रोत आहे आणि एमआयटी परवान्यासह दिला आहे. तो वापरायची, बदलायची, इतरांना द्यायची आणि विकायचीही तुम्हाला मुभा आहे, त्यासाठी आम्हाला विचारायची गरज नाही. अट एकच, कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर प्रतीसोबत ठेवा. प्रत्येक फाईलच्या सुरुवातीला तिचा परवाना लिहिलेला आहे, एकच फाईल नेलीत तरी ती ओळ काढू नका. बाहेरची फाईल इथे आणणार असाल आणि तिच्यावर परवाना लिहिलेला नसेल, तर ती वापरायची मुभा अजून कुणी दिलेली नाही असं समजा आणि आधी लिहिणाऱ्याला विचारा."

शेवटचं वाक्य त्या मुलाने लिहिलंय.