झॅबिक्समध्ये नवे होस्ट जोडले जात नाहीत, मदत हवी आहे (तातडीची)

धुरकट
नऊ नवे लिनक्स सर्व्हर (झॅबिक्सच्या भाषेत होस्ट) झॅबिक्सला, म्हणजे आमच्या देखरेखीच्या सॉफ्टवेअरला, जोडतोय. जुने सगळे हिरवे, नवे सगळे लाल. एजंट (होस्टवरून माहिती देणारा प्रोग्राम) टाकलाय, सर्व्हिस चालू आहे, पिंग होतंय, १००५० पोर्टही उघडा आहे. तरी कनेक्ट होत नाही. एजंटच्या कॉन्फिगमध्ये झॅबिक्स सर्व्हरचा आयपी बरोबर आहे, तेवढं कृपया विचारू नका. ऑडिट तोंडावर आलंय. काय करू?

पोर्टपाल
एरर काय येतेय? लाल खुणेवर माउस नेला की ओळ दिसते, ती जशीच्या तशी टाका. व्हर्जन कुठलं?

धुरकट
६.०. एरर लांबलचक आहे, एजंटकडून रिकामं उत्तर आलं, परवानगी नसावी, असं काहीतरी. सगळ्यांना तीच.

निवांत गडी
होस्टनेम बघा. कॉन्फिगमधलं नाव आणि वेबवरचं नाव तंतोतंत जुळायला हवं, कॅपिटल-स्मॉलसकट. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं.

पोर्टपाल
@निवांत गडी, ते ॲक्टिव्ह चेकसाठी. तिथे एजंट स्वतः सर्व्हरच्या १००५१ वर जाऊन आपली कामं मागतो, म्हणून नाव जुळावं लागतं. इथे पॅसिव्ह दिसतंय, एजंटकडे १००५० वर बाहेरून कोणीतरी येतंय. नावाचा काही संबंध नाही.

निवांत गडी
नसेल. पण जुळवून ठेवलं तर बिघडतं काय?

कोरा कागद
अजून झॅबिक्स? प्रोमिथियस (देखरेखीचं दुसरं सॉफ्टवेअर) टाका आणि मोकळे व्हा. आम्ही केव्हाच हललो.

उलटतपासणी
@कोरा कागद, प्रोमिथियसही नोड एक्स्पोर्टरच्या (त्याच्या एजंटच्या) ९१०० पोर्टवर स्वतःच जातो ना? मग इथे जी फायरवॉल आडवी येईल ती तिथेही येणार. ऑडिटच्या तोंडावर माणसाला घर बदलायला काय सांगताय!

सांजवेळ
ग्राफमध्ये वेळ चुकीची दिसत असेल तर पीएचपीचा टाइमझोन तपासा. बरेच जण हे विसरतात.

धुरकट
ग्राफ यायला आधी डेटा यायला हवा हो!

पोर्टपाल
धागा भरकटायच्या आत सांगतो. एररच्या शब्दांवरून निम्मं निदान होतं. "कनेक्शन रिफ्यूज्ड" आलं की मशीन सापडली, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. एजंट बंद, नाहीतर भलत्याच आयपीवर बसलाय. टाइमआउट म्हणजे बहुतेक वेळा मधली फायरवॉल पॅकेट गिळतेय, उत्तरच देत नाही. तुमचं तिसरंच. रिकामं उत्तर म्हणजे टीसीपी जोडणी व्यवस्थित झाली, मग एजंटने समोरच्याचा आयपी पाहिला, तो कॉन्फिगमधल्या "सर्व्हर=" ओळीतल्या यादीत नाही म्हणून फोन ठेवून दिला. म्हणूनच पोर्ट उघडा दिसतो. नुसता टेलनेट (पोर्ट तपासायची कमांड) लागला म्हणून खूश होऊ नका.

आता झॅबिक्स सर्व्हरवरून झॅबिक्स-गेट या कमांडने नव्या होस्टची एजंट-पिंग की मागून बघा, एजंट उत्तर देत असेल तर "१" येतं. एजंटचा लॉगही टाका.

धुरकट
त्यातल्या एकावर केलं. "१" आलं! म्हणजे एजंट ठीक आहे, वेबवर मात्र लालच. कॅशे असते का कसली?

उलटतपासणी
सर्व्हरवरून "१" येतंय आणि वेबवर लाल. मग तपासणी सर्व्हर करतच नाहीये. प्रॉक्सी, म्हणजे सर्व्हरच्या वतीने तपासणी करणारा, आहे का मध्ये?

धुरकट
प्रॉक्सी आहे, पण तो जुन्या होस्टसाठी, आधीच्या सहकाऱ्याने बसवलेला. नव्यांशी त्याचा काय संबंध?

उलटतपासणी
नवे होस्ट कसे बनवले? जुना क्लोन करून?

धुरकट
हो, नाहीतर टेम्प्लेट (तपासण्यांचा तयार संच) पुन्हा कोण लावत बसणार.

उलटतपासणी
मग "मॉनिटर्ड बाय प्रॉक्सी" हा रकानाही क्लोनबरोबर आला. पॅसिव्ह चेक आता प्रॉक्सी करतोय, एजंटला प्रॉक्सीचाच आयपी दिसतो आणि तुमच्या यादीत फक्त सर्व्हर आहे. एजंटच्या लॉगमध्ये "अमुक आयपीवरून आलेली जोडणी नाकारली, परवानगी असलेले होस्ट तमुक" अशी ओळ असणारच. "सर्व्हर=" मध्ये स्वल्पविराम देऊन प्रॉक्सीचा आयपी घाला आणि एजंट रीस्टार्ट करा.

पोर्टपाल
+१. लॉग मी मघाशीच मागितला होता.

निवांत गडी
म्हणूनच सगळं ॲक्टिव्ह ठेवावं. एजंटवर आत येणारा पोर्ट उघडावाच लागत नाही.

उलटतपासणी
आणि "सर्व्हरॲक्टिव्ह=" मध्येही प्रॉक्सीच लिहावा लागतो. आयपी चुकला तर तिथेही डेटा येणार नाही, कॉन्फिगची ओळ फक्त वेगळी.

धुरकट
लॉगमध्ये प्रॉक्सीचाच आयपी होता. सात हिरवे झाले. दोन अजून लाल, आता "नो रूट टू होस्ट". पण प्रॉक्सीवरून पिंग तर होतंय! राउटिंगवाल्यांना मेल टाकू का?

पोर्टपाल
थांबा, आधी सगळ्यांना तीच एरर म्हणाला होतात! मेल राहू द्या. त्या दोघांवर फायरवॉल-डी (लिनक्सची फायरवॉल) आहे का? तो पॅकेट गिळत नाही, आयसीएमपीने (नेटवर्कच्या निरोपांचा प्रोटोकॉल) नकार कळवतो, आणि लिनक्स तोच नकार "नो रूट टू होस्ट" म्हणून दाखवतं. रूट शाबूत असतो. नियम फक्त सर्व्हरच्या आयपीला मोकळीक देतो का बघा. प्रॉक्सीसाठी तसाच दुसरा, परमनंट, आणि मग रीलोड. रीलोड केल्याशिवाय परमनंट नियम चालू होत नाही.

धुरकट
नियम फक्त सर्व्हरसाठीच होता. प्रॉक्सीचा घातला, दोन्ही हिरवे. आभार!

कोरा कागद
प्रोमिथियसमध्ये हा प्रॉक्सीचा घोळच नसतो.

नवखा०७
माझंही असंच होतंय. झॅबिक्स सर्व्हर डॉकरमध्ये (कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात) आहे, एजंट त्याच मशीनवर. होस्टला १२७.०.०.१ दिलाय, तरी कनेक्शन रिफ्यूज्ड.

उलटतपासणी
@नवखा०७, कंटेनरच्या आत १२७.०.०.१ म्हणजे तो कंटेनरच, तुमची मशीन नव्हे. मशीनचा खरा आयपी द्या. एजंटच्या "सर्व्हर=" मध्ये मात्र डॉकरच्या नेटवर्कमधला कंटेनरचा पत्ता लागेल. तरी नाही झालं तर नवा धागा काढा आणि एरर पूर्ण टाका.