विषय: जुनी स्पोर्ट्स कार – पेट्रोलचा वास, ओल्या रस्त्यावर घसरणं, एअरबॅगचा दिवा

नमस्कार मंडळी,

चार महिन्यांपूर्वी मी इथे अमेरिकेत एक जुनी दोन दारांची स्पोर्ट्स कार घेतली. २०१२चं मॉडेल, अगदीच कमी चाललेली, पहिल्या मालकाने कायम गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली. कित्येक वर्षांची हौस होती. इतकी कमी चाललेली गाडी मिळतेय म्हटल्यावर मी फार खोलात शिरलो नाही.

आता तीन गोष्टी होतायत. रात्रभर गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली की सकाळी पेट्रोलचा वास येतो. परवा पावसात, साध्या वळणावर, वेग बेताचाच असताना मागची बाजू सरकली. आणि एअरबॅगचा दिवा मधूनच लागतो, मधूनच विझतो. डीलर म्हणतो, "जुन्या गाडीचं एवढं चालायचंच, टायरची नक्षी तर नवीसारखी आहे." नक्षी खरंच नवीसारखी आहे. पण गाडी सरकली तेव्हा मुलगी शेजारी बसली होती. तिने दाराचं हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, ते डोळ्यांसमोरून जात नाही. कुठून सुरुवात करू?

— वि.

उत्तर १

अरे, आधी गाडी गॅरेजबाहेर काढ. स्टार्ट करू नकोस, शटर हाताने उघड आणि दोघातिघांनी मिळून ढकला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. त्याच गॅरेजमध्ये पाणी तापवायचा गॅसचा बंब असेल तर ती वाफ पेटायला त्याची ज्योत पुरेशी आहे. पेट्रोलचे पाइप तपासून होईपर्यंत गाडी चालवूही नकोस, टो करून ने.

आता टायर. मी २२ वर्षं टायरच्या रबराचं मिश्रण करण्याच्या कामात काढली, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते. टायरच्या कडेला 'डॉट' (DOT) अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते, तिचे शेवटचे चार आकडे बघ. २३१२ असतील तर तो टायर २०१२च्या २३व्या आठवड्यातला. पूर्ण ओळ बरेचदा एकाच बाजूला असते आणि ती बाजू आत बसवलेली असू शकते, तेव्हा टॉर्च घेऊन गाडीखाली वाकावं लागेल. नक्षी किती उरलीय यावरून रबराचं वय कळत नाही. आतल्या दाबाच्या हवेतला ऑक्सिजन रबरात मुरत राहतो, रबर कडक होत जातं आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतं. शिवाय ओझोनपासून जपणारं मेण आम्ही मिश्रणातच घालतो. टायर फिरताना दबतो-फुगतो तेव्हा ते पृष्ठभागावर येत राहतं. उभ्या गाडीत ते नीट घडत नाही. म्हणूनच "कमी चाललेली" हे ऐकून मला कधी आनंद होत नाही. बऱ्याच कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात आणि दहा वर्षं ही शेवटची हद्द मानतात.

२०१३च्या नोव्हेंबरमध्ये अभिनेता पॉल वॉकर ज्या पोर्शे करेरा जीटीच्या अपघातात गेला, त्या गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते. मुख्य कारण बेफाम वेग होता, पण तपासात टायरच्या वयाचीही नोंद झाली.

ब्रेक ऑइलही बदलून घे. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रकारचं ताजं ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळायला नको. ओलावा धरलेल्यासाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटात लागोपाठ ब्रेक दाबताना पेडल एकदम खाली गेलं, तर कारण हे असू शकतं.

— सु.

उत्तर २

वि., सुताईंनी सांगितलंय ते आधी कर. मी एअरबॅग आणि तक्रारीबद्दल लिहितो.

दिवा लागतोय याचा अर्थ यंत्रणेत दोष सापडलाय आणि अपघातात एअरबॅग कदाचित उघडणार नाही. बरेचदा सीटखालचा कनेक्टर किंवा स्टिअरिंगमधली तारेची गुंडाळी बिघडलेली निघते. पण दिवा विझला म्हणून निर्धास्त होऊ नकोस. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमध्ये ती फुगवायला अमोनियम नायट्रेट हे रसायन होतं. ते उष्णतेने आणि दमटपणाने बिघडलं की एअरबॅग उघडताना धातूचं कवच फुटून तुकडे अंगावर यायचे. हा दोष कुठलाच दिवा दाखवत नाही. अमेरिकेत अशा सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅगचं रिकॉल झालं, म्हणजे कंपन्यांनी त्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, आणि त्यात महागड्या गाड्याही होत्या. गाडीचा १७ अक्षरी व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) एनएचटीएसए या अमेरिकेच्या सरकारी वाहन-सुरक्षा संस्थेच्या साइटवर टाक. पहिल्या खरेदीपासून रिकॉलच्या नोटिशीपर्यंत १५ वर्षं झालेली नसतील तर दुरुस्ती फुकट करून देणं कंपनीवर बंधनकारक आहे, तू कितवा मालक आहेस याच्याशी संबंध नाही.

डीलरने रिकॉल बाकी असलेली गाडी विकली असेल तर संताप येणं साहजिक आहे. मोठ्या कंपन्यांना भाड्याच्या गाड्या तशा देता येत नाहीत, पण जुनी गाडी तशी विकायला इथल्या केंद्रीय कायद्यात बंदी नाही. मला हे अन्यायाचं वाटतं.

एनएचटीएसएकडे तक्रार मात्र नोंदवच. "माझी एकच गाडी, कोण विचारतो" असं मनात आणू नकोस. २०१४मध्ये पोर्शेच्या ९११ जीटी३ गाड्यांपैकी दोन पेटल्या. इंजिनमधल्या कनेक्टिंग रॉडचा (पिस्टनला जोडलेल्या दांड्याचा) बोल्ट सैल होत होता. त्या दोन आगींनंतर त्या वर्षाच्या सर्व ७८५ गाड्या थांबवून प्रत्येकीचं इंजिन बदललं. थोड्याच बनलेल्या गाडीच्या बाबतीत तक्रारीही थोड्याच येतात, त्यामुळे एकेक नोंद मोलाची. तारीख, मैल, हवामान, डीलरचं लेखी उत्तर, सगळं लिही.

— मे.

पुन्हा वि.

सुताई, मे., मनापासून आभार. गाडी त्याच रात्री बाहेर काढली आणि दुसऱ्या दिवशी टो करून नेली.

लिफ्टवर चढवल्यावर मेकॅनिकने टाकीजवळचा रबरी पाइप नुसता बोटाने वाकवला. वरून गुळगुळीत काळा दिसणारा पाइप, पण वाकवलेल्या जागी बारीक बारीक चिरा उघडल्या आणि त्याच्या हातमोज्याला ओल लागली. मागच्या दोन्ही टायरवर आतल्या बाजूने २३१२ निघालं. सुताईंनी उदाहरण म्हणून दिलेला आकडा जसाच्या तसा! दोन्ही टायर गाडीबरोबर आलेले, कधी बदललेलेच नाहीत. पुढचे थोडे नंतरचे आहेत, तरी चारही बदलतोय. दिवा सीटखालच्या कनेक्टरमुळे लागत होता, पण व्हिन टाकल्यावर प्रवाशाच्या बाजूच्या एअरबॅगचं रिकॉल बाकी निघालं. म्हणजे मुलगी बसते तीच बाजू. सुटा भाग मागवलाय, तो बसेपर्यंत त्या सीटवर कुणाला बसवणार नाही.

जुना पाइप मी मागून घेतला. चिरांचे आणि टायरच्या आकड्यांचे फोटो जोडून काल रात्री तक्रार नोंदवली, डीलरलाही त्याची प्रत पाठवली.

— वि.