हाड जुळायला करंटचं मशीन? शरीरात खरंच वीज असते का?

उत्सुक_मन: आईच्या नडगीचं हाड मोडून बरेच महिने झाले, एक्सरेत अजून फट दिसतेय. डॉक्टर म्हणतात ऑपरेशनच्या आधी कॉइलचं मशीन लावून बघू, रोज काही तास पट्टा बांधायचा. विजेचा आणि हाडाचा काय संबंध? फसवाफसवी तर नाही ना? आई तर शॉक बसेल म्हणून घाबरून बसलीये.

पेशीवेडा: फसवाफसवी नाही हो. ईसीजी म्हणजे तरी काय, हृदयाची वीजच कागदावर उतरते. पण मला सगळ्यात भारी वाटते ती जखमेतली वीज. आपली कातडी सोडियम सतत आत ओढत असते, त्यामुळे आतली बाजू बाहेरच्यापेक्षा पॉझिटिव्ह राहते, मग कापलं की तिथे शॉर्ट होतं आणि आजूबाजूचा करंट जखमेकडे वाहायला लागतो. ड्यू ब्वा-रेमों नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८४३ मध्ये स्वतःचं बोट कापून हा करंट मोजला होता! कडेच्या पेशी याच विजेचा माग काढत जखम बुजवायला सरकतात. लॅबमध्ये बाहेरून दिशा उलटी केली तर त्या चक्क जखमेपासून लांब जायला लागतात, म्हणजे बघा किती ऐकतात विजेचं.

फिजिओताई: हाडाचं सांगते. १९५७ मध्ये जपानमध्ये फुकादा आणि यासुदा यांनी दाखवलं की हाडावर दाब आला की त्यात व्होल्टेज तयार होतं. कॉइलमधून पल्स सोडल्या की चुंबकीय क्षेत्र बदलत राहतं आणि आत अगदी बारीक करंट तयार होतो, आईंना काहीच जाणवणार नाही, शॉकचं तर नावच नको. न जुळणाऱ्या हाडासाठी अमेरिकेत १९७९ पासून याला मान्यता आहे. पण खात्री कोणी देऊ नये, अभ्यासांचे निकाल संमिश्र आहेत, आणि फट मोठी असेल, हाड हलत असेल किंवा इन्फेक्शन असेल तर नुसत्या मशीनने भागत नाही. पेसमेकर आहे का त्यांना? असेल तर आधी डॉक्टरांना सांगाच. शुगर पण तपासून घ्या, त्यानेही हाड रखडतं.

उत्सुक_मन: पेसमेकर नाहीये, शुगर आहे. दुखण्यासाठी मुंग्या येणारं मशीन लावतात तेच का हे?

फिजिओताई: नाही नाही, ते टेन्स, ते फक्त दुखणं कमी करायला, त्याने हाड जुळत नाही. शुगरचे रिपोर्ट घेऊनच जा. आणि पट्टा सांगितलेले तास रोज बांधायलाच हवा, कंटाळून मधेच सोडतात लोक.