खांदा नेमका कुठं असतो? (फिजिओच्या प्रश्नावलीसाठी शब्द पायजे)

मांजराकाठ : मी लातूरला फिजिओथेरपी करतो. खांद्याच्या पेशंटसाठी मराठीत प्रश्नावली तयार करायलोय. इंग्रजीत आयत्या आहेत, ऑक्सफर्ड शोल्डर स्कोअर 1996 चा, 12 प्रश्न, प्रत्येकाला पाच पर्याय, आन 'स्पाडी' (शोल्डर पेन अँड डिसॅबिलिटी इंडेक्स) त्याच्याही आधीची, 1991 ची, 13 प्रश्नांची. पण नुसतं भाषांतर करून भागत नाही, दोघांनी वेगवेगळं मराठी करायचं, ते जुळवायचं, मग मूळ इंग्रजी न बघितलेल्या माणसाकडून उलटं इंग्रजीत करून घ्यायचं, मग पेशंटला वाचून दाखवायचं. घोडं अडलंय पहिल्याच शब्दावर. 'खांदा किती दुखतो' विचारलं की शेतकरी माणूस मानेच्या बाजूच्या मांसावर हात ठेवतो, जिथं पोतं टेकतं तिथं. आम्हाला पायजे सांधा. आन ज्याचा सांधा खरंच आखडलाय तो म्हणतो 'खांदा बरा हाय हो, दंड ठणकायलाय', कारण सांध्यातली कळ दंडाच्या बाहेरच्या अंगाला उतरते. म्हणजे ज्याचं दुखणं मोजायचं तो नाही म्हणतो, आन मानेचा पेशंट हो म्हणतो. दुसरा शब्द हाय का कुणाकडं?

आप्पा_अंबाजोगाई : खांदा हा शब्द संस्कृत स्कंधावरून आलेला आहे, त्यामुळे प्रमाण मराठीत 'स्कंधसंधी' म्हणायला हरकत नसावी. अर्थ पक्का, संदिग्धता शून्य. भागवताचेही 12 स्कंध, तुमचेही 12 प्रश्न, योग बरा जुळलाय.

कोरडवाहू : आप्पा, स्कंधसंधी वाचून आमच्या गावातली पोरं अर्ज कुठं भरायचा विचारतील.

सुईदोरा : दादा, तुमचा शब्द आमच्याकडं पडून हाय की. मी ब्लाउज शिवते. आमच्यात खांद्याचं माप वेगळं आन मुंढ्याचं वेगळं. मानेच्या कडेपासून बाहीच्या शिवणीपर्यंत खांदा, तिथून काखेला वळसा घालून गोल जातो तो मुंढा. तुमचं दुखणं मुंढ्यातलं हाय. बायकांना बरोबर कळतं, 'मुंढ्यात काचतंय' असंच म्हणतात. आन एक विचारू का, तुमच्या कागदात झंपर घालायचं विचारलंय का? मागं हात जात नाही म्हणून कितीतरी जणी माझ्याकडून पुढून हुकाचं शिवून घेतात, त्यातल्या बऱ्याच शुगरवाल्या.

मांजराकाठ : ताई, मुंढा भारी हाय. शुगरचंही बरोबर बोललात, डायबेटिसवाल्यांत खांदा आखडायचं प्रमाण जास्तच असतं. कपडे घालण्याचा प्रश्न हाय, पण 'स्पाडी'त पँटच्या मागच्या खिशातून वस्तू काढता येते का असंही हाय, आता नऊवारीवाल्या आजीला मागचा खिसा कुठून देऊ?

देगलूरकर : मुंढा नाही, मोंढा. आमच्या सीमेकडं दखनी बोलणारे मित्र खांद्याला मोंढाच म्हणतात, 'मोंढा दुखरा रे'. माझं तर पहिल्यापासून मत हाय की नांदेड, परभणीचा मोंढा यावरूनच पडला, हमाल जिथं पोतं मोंढ्यावर घेतात तो मोंढा.

आप्पा_अंबाजोगाई : काहीही! बाजाराचा मोंढा मंडीवरून आला असणार. आवाज जुळला की व्युत्पत्ती होत नसते.

देगलूरकर : आन तुमचा स्कंध कशावरून आला, आवाजावरूनच ना?

कोरडवाहू : मोंढा लिहू नका बुवा. 'मोंढा दुखतो का' वाचून आडत्यानं भाव पाडला म्हणून हो म्हणतील सगळे.

गोदाकन्या : मी भाषांतराची कामं करते म्हणून बोलते. मला तुमचा खांदा चालेल, पण 'बाधित बाजू' असं कुठं लिहिलं असेल तर आधी काढा. आपल्याकडे बाधित म्हणजे अतिवृष्टीबाधित, नाहीतर बाहेरची बाधा. 'दुखरा हात' लिहा, संपलं. तसंच अपंगत्व लिहू नका, लोक सर्टिफिकेट मिळणार समजून सगळं जास्तच सांगतील. 'अडचण' पुरे. आणि सौम्य, मध्यम, तीव्र हे हवामान खात्याला ठेवा. अजिबात नाही, जरा, बरीच, लई, जमतच नाही. झाले पाच.

आप्पा_अंबाजोगाई : शास्त्रीय प्रश्नावलीत 'लई'? मग संशोधन कशाला म्हणायचं, पारावरच बसा की. आणि पुण्याच्या, कोकणातल्या रुग्णाने काय करायचं?

गोदाकन्या : आप्पा, पुण्याच्या माणसाला 'लई' कळत नाही असं आजवर झालं नाही. 'खूप' ठेवा हवं तर, माझं भांडण तीव्रशी आहे. पेशंटला कळलं नाही तर तो शेजारी बसलेल्या सुनेला विचारतो आणि उत्तर सून देते.

मांजराकाठ : सुनेचं अगदी खरं हाय. आन ऐका, ऑक्सफर्डमधी एका वेळी काटा-चमचा आन सुरी वापरता येते का असं विचारलंय. मी तिथं भाकरी थापणं टाकलं, तर सोबतचे सर म्हणाले पुरुषांचं काय. 'स्पाडी'त दहा पौंड वजन उचलायचं विचारलंय, म्हणजे साडेचार किलो, तिथं पायलीभर ज्वारी लिहावं म्हणतो.

कोरडवाहू : पायली कुठली? आमची आन शेजारच्या तालुक्याची एक नाही. भरलेली कळशी म्हणा तर ती दहा किलोला जाते. पाच किलोची पिठाची पिशवी लिहा, रेशन-दुकान सगळ्यांना माहीत. भाकरीच्या जागी हापसा घ्या, बाप्ये बी हापसतात. हापशानं खांदा कसा बोलतो ते मला विचारा.

सुईदोरा : हापसा एका हातानं बी हापसता येतो. भाकरीला दोन्ही लागतात. बाप्यांनी थापून बघावी एकदा.

कोरडवाहू : ताई, थापतो की मी. मूळ मुद्दा राहिला, खांदा बैलाचा शब्द हाय आधी, माणसाचा नंतर. जू बसतं तो खांदा, म्हणजे वशिंडाच्या पुढं मानेवर. पोळ्याच्या आदल्या सांजेला खांदमळणी करतात, गरम पाण्यानं शेकून हळद-तूप चोळतात, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' म्हणतात, ते मानेवरच ना? मग शेतकरी मानेवर हात ठेवणार नाही तर काय कोपरावर?

आप्पा_अंबाजोगाई : बैलावरून माणसाला आला याला पुरावा? झाडाची खांदीही त्याच कुळातली आहे, मग झाड आधी म्हणा.

गोदाकन्या : तूप कुठलं, आमच्याकडं लोणी लावतात.

कोरडवाहू : लोणी सोयाबीनच्या भावात परवडंना म्हणून तेलावर आलेत सगळे.

मांजराकाठ : मंडळी, मी काय म्हणतो, शब्दाच्या जोडीला माणसाचं चित्र छापावं, सांध्यावर गोल काढून. ज्याला वाचता येत नाही त्याचंही भागेल. फक्त प्रश्न वाचून दाखवणाऱ्यानं तोंडानं काय म्हणायचं? खांद्याचा सांधा का मुंढा?

देगलूरकर : ते ठरवा तुम्ही. आप्पा, मंडीतला 'मं' आला कबूल, पण मोंढ्यातला ओकार कुठून आला तेवढं सांगा आधी.