‘ए’ की ‘ॲन’? दर पेपरात इथेच मार्क जातात

परळची_आई: मुलगा सहावीत आहे, सेमी-इंग्रजी. ‘ए, ई, आय, ओ, यू आलं की ॲन’ हे तोंडपाठ आहे, तरी ‘ॲन युनिफॉर्म’ आणि ‘ए अवर’ लिहून येतो. ‘द’ तर निव्वळ अंदाजाने लावतो. घरी कसं समजावू?

खडू_फळा: ताई, तो नियमच अर्धवट आहे. ए की ॲन हे स्पेलिंगवर नाही, उच्चारावर ठरतं. आपल्या मुलांना ते तपासणं सोपं आहे: शब्द देवनागरीत लिहायला सांगा. सुरुवातीला स्वर आला तर ॲन, व्यंजन आलं तर ए. ‘युनिफॉर्म’मध्ये य आला, म्हणून ए. ‘अवर’मधला एच मुका, उरला अ, म्हणून ॲन. ‘ऑनेस्ट’चंही तसंच. ‘वन-वे रोड’ला व आहे, म्हणून ए. आद्याक्षरांनाही हेच लागू: ‘ॲन एसी लोकल’, ‘ॲन एलआयसी एजंट’, पण ‘ए यूपीआय पेमेंट’.

फसगत होते ती आपल्या उच्चारांमुळे. वर्षाला आपण सर्रास ‘इयर’ म्हणतो, मग ‘ॲन इयर’ लिहिलं जातं. खरा उच्चार ‘यिअर’, म्हणून ए. कानाला मात्र ‘ॲन इअर’. उलट ‘येम’, ‘येल’ म्हणायची सवय असेल तर ‘ॲन एमएलए’चं ‘ए एमएलए’ होतं. शंका आली की ऑनलाइन डिक्शनरीत उच्चार ऐकवा.

आणखी एक, लगेच पुढे येणारा शब्द बघायचा, नाम नव्हे. ‘ॲन अंब्रेला’, पण ‘ए ब्लॅक अंब्रेला’.

शुद्धलेखन_दादर: वरचं सगळं बरोबर. पण माझ्या मते त्याहून मोठी चूक म्हणजे आर्टिकल (ए, ॲन, द) गाळणं. ‘ती डॉक्टर आहे’ म्हणताना आपल्याला काहीच कमी वाटत नाही, म्हणून ‘शी इज डॉक्टर’. इंग्रजीत मोजता येणारं एकवचनी नाम सहसा एकटं येत नाही. आधी ए, द, माय, धिस असं काहीतरी लागतं. निबंध लिहून झाला की अशा प्रत्येक नामाखाली रेघ मारायला लावा आणि त्याआधी काय आहे ते बघा. न मोजता येणाऱ्या नामांना मात्र ए-ॲन नको: ‘ॲन ॲडव्हाइस’ चूक, ‘सम ॲडव्हाइस’ बरोबर.

परळची_आई: देवनागरीची युक्ती आजच करून बघते. आणि ‘द’चं काय?

खडू_फळा: पहिल्या उल्लेखाला ए, त्याच वस्तूचा पुन्हा उल्लेख आला की द: ‘आय सॉ ए डॉग. द डॉग वॉज लेम.’ विशेषनामांसाठी मुंबईचीच नावं घ्या. समुद्र आणि नद्यांना द लागतो: ‘द अरेबियन सी’, ‘द मिठी’. तलाव, स्टेशन, बाग यांच्या नावांना नाही: ‘पवई लेक’, ‘दादर स्टेशन’, ‘शिवाजी पार्क’. नावात ‘ऑफ’ असेल तर बहुतेक वेळा द येतो, म्हणून ‘द गेटवे ऑफ इंडिया’. ‘द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई’ आणि ‘मुंबई युनिव्हर्सिटी’ ही जोडी वहीत शेजारी-शेजारी लिहून द्या.