कबाबात इसबगोल? कुणी घालून बघितलंय का?

विश्रामबागची कबाबवाली: नमस्कार. सांगलीत संध्याकाळी आमची गाडी असते. मटणाचा खिमा चांगला मिळतो, पण टिक्की थापताना तळहाताएवढी असते आणि तव्यावरून उतरते ती पाणीपुरीच्या पुरीएवढी होऊन. वर खायला कोरडी. ब्रेडचा चुरा वाढवला की गिऱ्हाईक विचारतं, "मटण कुठाय?" एकजण म्हणाले इसबगोल घाला. पोट साफ करायचं औषध कबाबात?

मिरजकर: वहिनी, डाळ्याचं कूट घाला. आमच्यात तेच चालतं.

कराडचा खाटिकमित्र: ताई, मी मांसप्रक्रियेच्या कारखान्यात होतो. डाळ्याचं कूट वाईट नाही, पण जास्त झालं की चव डाळीची होते. मटण तापलं की त्यातली प्रथिनं आकसतात आणि पाणी बाहेर ढकलतात, चरबीही वितळून निघून जाते. ते पाणी जागेवर धरायचं काम फायबर करतं, तेही थोडक्यात. कारखान्यात ओट, वाटाणा किंवा ज्यूस काढून उरलेल्या संत्र्या-लिंबाच्या सालीचा फायबर वापरतात. घरगुती कामाला इसबगोल चालतं.

किलोभर खिम्याला 10 ग्रॅमपासून सुरुवात करा. वजन करूनच घ्या, कारण भुशी इतकी हलकी असते की चमच्याचा अंदाज चुकतो. खिमा फ्रिजमधला गार हवा. आधी नुसतं मीठ घालून हाताला चिकटेपर्यंत मळा. मिठानं प्रथिनं सुटतात, खरी बांधणी तीच करतात. मग इसबगोल 100 मिली गार पाण्यात कालवून घाला आणि पाव तास फ्रिजमध्ये ठेवा. कांदा पिळून घ्या. जास्त इसबगोल पडलं तर कबाब बुळबुळीत लागतो. कच्ची पपई वापरत असाल तर हात आवरा, ती प्रथिनं तोडते आणि टिक्की तव्यावरच फुटते.

आणि फायबर पाणी धरतं म्हणून पाणी ओतत सुटू नका. तसं विकणारे बघितलेत मी, असो. टिक्की रसरशीत राहते म्हणून आत कच्ची ठेवायची नाही. मधोमध 71 अंश सेल्सिअस व्हायलाच हवं, थर्मामीटर घ्या एक.

विश्रामबागची कबाबवाली: दादा, मेडिकलमधलंच इसबगोल चालेल ना?

कराडचा खाटिकमित्र: चालेल, पण साधी भुशी मागा. संत्र्याच्या चवीचं गोड पाकीट देतील, ते नको.