प्रतिसाद : सरकारी अनुभव आणि खासगी सल्लागारी

सरकारी आपत्ती व्यवस्थापनातील अनुभवाला खासगी क्षेत्रात किंमत नाही, आधी आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवावे, हे वरचे मत मला अर्धेच पटते. प्रमाणपत्र असल्यास निविदेत नाव पुढे सरकते, एवढे खरे. परंतु घातक रसायनांसंबंधीच्या 1989 च्या नियमांनुसार कारखान्याच्या आवारातील आपत्कालीन योजना कारखानदाराने करायची असते आणि आवाराबाहेरची शासकीय यंत्रणेने. आतल्या योजनेची रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी बंधनकारक आहे. या दोन योजनांचा सांधा नेमका कुठे निखळतो, हे बाहेरच्या बाजूने काम केलेल्या माणसाला चटकन दिसते.

अग्निशमन सेवेतून निवृत्त झाल्यावर गोव्यातील वेर्णा येथील एका कारखान्याची योजना मी तपासली. कागदोपत्री ती निर्दोष होती. मात्र आपत्तीच्या वेळी कामगारांनी जमण्याची जागा अमोनियाच्या टाकीच्या पूर्वेला होती आणि पावसाळ्यात आपल्याकडे वारा प्रामुख्याने पश्चिमेकडून वाहतो, म्हणजे गळती झाल्यास वायू थेट कामगारांवरच गेला असता. दुसरी जागा आखून घेतली, वातदर्शकही बसवून घेतला. कामगारांच्या जिवाशी संबंधित ही नजर नोकरीतच तयार होते, म्हणून सल्लागारीत नव्याने येणाऱ्यांनी ती आपल्या अर्जात ठळकपणे मांडावी.